सरड्यावरचा दोन हजार वर्षांचा आरोप

निवडणुका जवळ आल्या, की आपल्याकडे सरड्याची फार आठवण होते. कालपर्यंत एका पक्षाचे गोडवे गाणारा पुढारी आज दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसला, की व्यंगचित्रकार त्याला लगेच शेपूट आणि खरबरीत पाठ बहाल करतात. 'सरड्यासारखा रंग बदलतो' एवढे म्हटले, की पुढे काही सांगावे लागत नाही.

ही उपमा केवळ मराठीची नाही. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी अल्सिबायडीझ या अथेन्सच्या सेनापतीचे चरित्र लिहिले. हा गृहस्थ स्पार्टात गेला की थंड पाण्याने आंघोळ करी, जाडीभरडी भाकरी खाई. इराणी सुभेदाराकडे गेला की त्याच्यापेक्षा अधिक ऐषारामात राही. प्लुटार्कने त्याची तुलना रंग बदलणाऱ्या सरड्याशी केली, आणि वर असेही सुचवले की सरड्याला निदान पांढरा रंग तरी जमत नाही, याला सगळेच जमते. रशियन लेखक चेखॉव्ह यांनी १८८४ साली याच प्राण्याचे नाव देऊन एक कथा लिहिली. कुत्रा रस्त्यावरचा की जनरलसाहेबांचा, याची खबर बदलेल तसा त्या कथेतला पोलीस अधिकारी आपला निवाडा फिरवत राहतो.

म्हणजे आरोप जुना आहे आणि जगभर मान्य आहे. समोरचे पाहून हा प्राणी तसा रंग घेतो, स्वतःचा खरा रंग लपवतो, म्हणून तो लबाड, असा हा आरोप. तो सिद्ध झाला आहे का? कोणी तपासला? आज आपण त्याचाच थोडा इतिहास पाहणार आहोत.

आधी आरोपीची ओळख पटवून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडे दोन वेगळ्या प्राण्यांची गल्लत होते. कुंपणावर बसून मान वरखाली करणारा, आपण रोज पाहतो तो बागेतला सरडा. विणीच्या हंगामात यातल्या नराचे डोके आणि गळा लालभडक होतो. रंग बदलण्याच्या कलेतला खरा उस्ताद मात्र दुसरा. त्याला मराठीत सरडगुहिरा किंवा घोयरा म्हणतात. इंग्रजीतले त्याचे नाव शॅमेलिऑन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जमिनीवरचा सिंह'. दोन्ही बाजूंनी चपटे अंग, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, चिमट्यासारखे पाय, गुंडाळलेली शेपटी आणि एकमेकांशी संबंध नसल्यासारखे दोन दिशांना फिरणारे डोळे. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर. भारतात या कुळातली एकच जात आढळते. ती महाराष्ट्रातल्या कोरड्या रानात आणि झुडपांतही आहे. पण पानांत ती इतकी मिसळून जाते, की अनेकांनी आयुष्यात पाहिलेली नसते.

या प्राण्याचे पहिले नीटस वर्णन केले ॲरिस्टॉटलने, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. त्याने प्राण्यांवर लिहिलेल्या ग्रंथात शॅमेलिऑनला ऐसपैस जागा दिली आहे. पुढच्या पायाची तीन बोटे आत आणि दोन बाहेर, मागच्या पायाची दोन आत आणि तीन बाहेर, इतक्या बारकाईने तो सांगतो. डोळ्यावर कातडीचे आवरण असते आणि मध्ये बारीक छिद्र असते, हेही त्याने टिपले आहे. रंगाबद्दल तो म्हणतो की प्राणी अंगात हवा भरून फुगला की रंग बदलतो. कधी मगरीसारखा काळपट होतो, कधी पिवळट, कधी चित्त्यासारखे काळे ठिपके उमटतात. आता लक्षात घ्या, ॲरिस्टॉटलने 'फुगला की' असे म्हटले आहे. हिरव्या पानावर ठेवला की हिरवा होतो, असे तो कुठेही म्हणत नाही. चिडलेला किंवा भ्यालेला शॅमेलिऑन खरोखरच अंग फुगवतो. म्हणजे कारण नेमके हाती आले नव्हते, तरी निरीक्षण बरोबर होते.

गडबड झाली ती चारशे वर्षांनंतर. प्लिनी या रोमन पंडिताने इसवी सन ७७ च्या सुमारास निसर्गाविषयी एक अवाढव्य ज्ञानकोश पूर्ण केला. प्लिनी मोठा मेहनती माणूस. वाचलेले सर्व टिपून ठेवायचे, हा त्याचा खाक्या. दोनच वर्षांनी व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात त्याचा अंत झाला. त्याच्या ग्रंथात शॅमेलिऑनबद्दल दोन गोष्टी आल्या. एक, हा प्राणी अन्नपाणी घेत नाही, नुसत्या हवेवर जगतो. दुसरी, तो ज्या वस्तूला टेकलेला असेल तिचा रंग घेतो, फक्त लाल आणि पांढरा त्याला जमत नाही. आरोपपत्र दाखल झाले ते इथे.

या दोन्ही समजुती पुढे सुमारे पंधराशे वर्षे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेल्या. शेक्सपिअरचा हॅम्लेटसुद्धा शॅमेलिऑनच्या हवेच्या आहाराचा दाखला देतो. उत्तर युरोपातल्या विद्वानांनी जिवंत शॅमेलिऑन पाहिलेला असण्याची शक्यता कमीच होती. तो प्राणी आफ्रिकेत, अरबस्तानात आणि युरोपच्या दक्षिण टोकाला. शिवाय हवेवर जगण्याची गोष्ट अगदीच निराधार वाटत नसे. हा प्राणी बरेच दिवस उपाशी राहू शकतो आणि खातो तेव्हा इतक्या झटक्यात खातो, की पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. अंगापेक्षाही लांब जीभ फेकून किडा टिपायला त्याला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

सतराव्या शतकात वारे बदलले. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानायचे नाही, स्वतः पाहायचे, असे म्हणणारी माणसे पुढे आली. टॉमस ब्राऊन या इंग्रज डॉक्टरने १६४६ साली लोकांत रुळलेल्या खोट्या समजुतींची झाडाझडती घेणारा एक ग्रंथ काढला. त्यात शॅमेलिऑनवर वेगळे प्रकरण आहे. ब्राऊनचा युक्तिवाद साधा होता. जर हा प्राणी हवेवर जगतो, तर निसर्गाने त्याला दात, जठर, आतडी आणि एवढी लांब जीभ कशासाठी दिली?

पुढचे पाऊल पॅरिसमध्ये पडले. तेथे १६६६ साली विज्ञान अकादमी स्थापन झाली. तिचे एक सभासद क्लोद पेरो हे पेशाने डॉक्टर. लूव्हर राजवाड्याच्या पूर्वेकडील प्रसिद्ध स्तंभरांगेच्या रचनेशी त्यांचे नाव जोडले जाते आणि सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारे शार्ल पेरो हे त्यांचे धाकटे भाऊ. अकादमीकडे एक जिवंत शॅमेलिऑन आला होता. पेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पाळला, पाहिला, मेल्यावर त्याचे विच्छेदन केले आणि १६६९ साली अहवाल छापला. सावलीत निवांत असताना हा प्राणी निळसर करडा दिसे. उन्हात नेला की ऊन लागलेली बाजू गडद होई. हाताळले की डाग उमटत. प्लिनीची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी त्याला निरनिराळ्या रंगांच्या वस्तूंवर ठेवले. त्याने एकाही वस्तूचा रंग घेतला नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवल्यावर एकदा तो पांढुरका झालेला दिसला. पण तोच प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर तसे घडले नाही. मला या नोंदीचे फार मोल वाटते. एकदा घडलेल्या गोष्टीवरून 'पाहा, प्लिनी बरोबर होता' असे म्हणता आले असते. त्यांनी तसे केले नाही. एकदा घडले आणि परत घडले नाही, दोन्ही लिहून ठेवले.

त्याच शहरात मादलेन द स्क्युदेरी नावाची एक नामवंत कादंबरीकार बाई होती. तिच्याकडे १६७२ साली इजिप्तमधून दोन शॅमेलिऑन आले. तिने ते घरात जिवापाड सांभाळले आणि त्यांच्या सवयी, रंग, आवडीनिवडी यांची हकिगत लिहिली. ती १६८८ साली प्रसिद्ध झाली. स्त्रियांना अकादमीचे दार बंद होते त्या काळातले हे निरीक्षण आहे.

रंग वस्तूमुळे बदलत नाही, एवढे तरी दिसू लागले. मग बदलतो कशाने? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज क्यूव्हिए या थोर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पुन्हा ॲरिस्टॉटलच्या वाटेने जाऊन सांगितले, की फुप्फुसे फुगली की अंग कमीअधिक पारदर्शक होते आणि रक्त कातडीकडे ढकलले जाते, म्हणून रंग पालटतो. क्यूव्हिएचा शब्द खाली पडू देण्याचा तो काळ नव्हता. तरीही १८३४ साली आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी कातडीच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्यांना तिच्यात रंगद्रव्यांचे दोन थर आढळले. वरचा फिकट, खालचा गडद. खालचे गडद द्रव्य वर आले की प्राणी काळवंडतो, खाली गेले की उजळतो. म्हणजे रंगाचे कोडे फुप्फुसात किंवा रक्तात नव्हते, कातडीत होते.

व्हिएन्नातील एर्न्स्ट ब्र्युके यांनी १८५०च्या दशकात हे काम पुढे नेले. हे तेच ब्र्युके, ज्यांच्या प्रयोगशाळेत पुढे तरुण सिग्मंड फ्रॉइड यांनी सहा वर्षे काम केले. ब्र्युके यांच्या लक्षात आले, की कातडीच्या एखाद्या भागाकडे जाणारी मज्जा तोडली, तर तेवढा भाग गडद होतो. याचा अर्थ रंगाचा लगाम मज्जासंस्थेच्या हाती आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली. या कातडीतले सगळेच रंग रंगद्रव्यांचे नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर धूर निळसर दिसतो, तेव्हा धुरात कोणी नीळ कालवलेली नसते. तसाच काहीसा प्रकार इथे आहे. फ्रान्समध्ये पॉल बेर यांनी १८७५ साली दाखवले, की प्रकाशाचा कातडीवर थेटही परिणाम होतो, आणि तो विशेषतः निळ्या-जांभळ्या किरणांचा.

विसाव्या शतकात या संशोधनाला एक अनपेक्षित फाटा फुटला. लान्सलॉट हॉग्बेन हे इंग्रज जीवशास्त्रज्ञ १९२७ साली केपटाऊन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. प्राणी रंग कसा बदलतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. बेडकात हे काम मुख्यतः पियुषिका ग्रंथीच्या स्रावाने चालते, तर शॅमेलिऑनमध्ये मज्जांमार्फत. म्हणूनच शॅमेलिऑन झटपट रंग बदलतो आणि बेडूक सावकाश. हे तपासताना तिथल्या एका जातीच्या बेडकीला या ग्रंथीचा अर्क टोचला, तर ती अंडी घालते असे त्यांना दिसले. त्यातूनच पुढे गर्भ राहिला आहे की नाही हे ओळखण्याची बेडकीची चाचणी तयार झाली. घरच्या घरी करायच्या चाचण्या येण्यापूर्वी, साधारण १९६०च्या दशकापर्यंत, ती अनेक देशांत वापरात होती. 'प्राण्यांचे रंग पाहून काय मिळणार?' असे विचारणाऱ्यांसाठी हे एक उत्तर. आणि कातडीच्या रंगाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने १९३० साली दक्षिण आफ्रिका सोडली. माणसाच्या कातडीच्या रंगावरून त्याची पायरी ठरवणारे तिथले धोरण त्यांना असह्य झाले होते, हे त्यामागचे एक कारण.

शंभराहून अधिक वर्षे असे मानले जात होते, की गडद द्रव्य पसरते आणि आक्रसते, हाच रंगबदलाचा मुख्य खुलासा. काळवंडणे आणि उजळणे यांसाठी तो बरोबरही आहे. पण हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा नारिंगी कसा होतो? याचे उत्तर २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठात मिशेल मिलिंकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी मादागास्करमधल्या पँथर शॅमेलिऑनची कातडी तपासली. तिच्यातल्या काही पेशींत ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. माशाच्या खवल्यांना चांदीसारखी चमक येते ती याच पदार्थामुळे. स्फटिक जवळजवळ असले, की ते निळा प्रकाश परत फेकतात. वर पिवळ्या द्रव्याची चाळणी असते. निळा आणि पिवळा मिळून प्राणी हिरवा दिसतो. नर उत्तेजित झाला, की स्फटिकांमधले अंतर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढते आणि निळ्याऐवजी पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश परत येऊ लागतो. सारा खेळ काही मिनिटांत होतो आणि तसाच उलटतोही.

साबणाच्या फुग्यावर किंवा मोरपिसावर दिसणारे रंग असेच रचनेतून येतात. आपल्या सी. व्ही. रामन यांनीही १९३०च्या दशकात नीलपंख पक्ष्याच्या पिसांतील रंगांचा असा अभ्यास केला होता. फरक एवढाच, की पक्ष्याच्या पिसातली रचना एकदा बनली की बदलत नाही. शॅमेलिऑन मात्र ती हवी तेव्हा ताणतो आणि आवळतो. तंबोऱ्याची तार चढवावी आणि उतरवावी तसे.

'कसे' याचे उत्तर मिळाले. आता 'कशासाठी', कारण आरोप तर हेतूचा आहे.

पहिला हेतू अगदी घरगुती: ऊब. शॅमेलिऑन थंड रक्ताचा प्राणी. नामिब वाळवंटातला शॅमेलिऑन पहाटेच्या गारठ्यात काळा होऊन ऊन शोषतो आणि दुपारी वाळू तापली की फिकट होऊन ऊन परतवतो. आपण हिवाळ्यात गडद आणि उन्हाळ्यात पांढरे कपडे घालतो, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही.

दुसरा हेतू लपण्याचा. तो अगदीच नाही असे नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका ठेंगण्या शॅमेलिऑनवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले, की पक्षी समोर असताना तो पार्श्वभूमीशी अधिक मिळताजुळता रंग घेतो, साप समोर असताना तितका नाही. पण लपण्यासाठी त्याचा नेहमीचा हिरवा-तपकिरी रंग आणि वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखी डुलती चाल बहुतेक वेळा पुरेशी असते. बुद्धिबळाच्या पटावर ठेवला म्हणून त्याच्या अंगावर काळी-पांढरी घरे उमटत नाहीत.

तिसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा: बोलण्याचा. देवी स्टुअर्ट-फॉक्स आणि अदनान मूसाली यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ठेंगण्या शॅमेलिऑनच्या २१ वंशशाखांची तुलना केली. रंग बदलण्याची क्षमता लपण्यासाठी विकसित झाली असती, तर जिथे परिसर अधिक रंगीबेरंगी, तिथले शॅमेलिऑन अधिक रंग बदलणारे असायला हवे होते. तसे आढळले नाही. ज्या जाती प्रतिस्पर्ध्यापुढे अधिक ठळक रंग दाखवतात, त्यांच्यातच ही क्षमता जास्त होती. हा निष्कर्षही २००८ सालचाच. पुढे २०१३ साली ॲरिझोनातल्या संशोधकांनी नरांच्या झुंजी कॅमेऱ्यात टिपल्या. ज्याचे डोके अधिक उजळ होई आणि अधिक वेगाने रंग बदले, तो बहुधा जिंकत असे. हरणारा काळवंडे. 'मी माघार घेतली' असे सांगण्याची ही त्याची रीत. त्यामुळे पुढची मारामारी आणि जखमा टळतात. काही जातींत पोटात अंडी असलेली मादी गडद होते, अंगावर ठळक ठिपके दाखवते आणि नराला दुरूनच नकार कळवते.

आता पुन्हा आरोपाकडे येऊ. या प्राण्याचा रंग मुख्यतः काय सांगतो? मला थंडी वाजते आहे, मी भ्यालो आहे, मी चिडलो आहे, मी हरलो आहे. जे मनात तेच अंगावर. आपल्याला राग आला की चेहरा लाल होतो, भीती वाटली की पांढरा पडतो. आपण तो लपवायला धडपडतो. याची सारी कातडीच चुगली करते. राजकारण्याला सरडा म्हणण्यात अन्याय कोणावर होतो, हे श्रोत्यांनी ठरवावे.

हा अन्याय नुसता म्हणीपुरता असता, तर एवढा वेळ घ्यायचे कारण नव्हते. आपल्याकडे या प्राण्यांभोवती भीतीचे मोठे जाळे आहे. भागवतात दानशूर नृग राजाची कथा आहे. एकच गाय अनवधानाने दोनदा दान दिली गेली, म्हणून त्याला सरडा होऊन विहिरीत पडावे लागले आणि कृष्णाच्या स्पर्शाने तो सुटला. सरड्याचा जन्म म्हणजे शिक्षा, ही कल्पना इतकी जुनी आहे. जुन्या पंचांगांत पाल अंगावर पडल्याची आणि सरडा अंगावर चढल्याची फळे दिलेली असत. घोयरा तर विषारीच, असे अनेक ठिकाणी ठामपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याला विष नाही. तो किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचे कामच करतो. पळून जाण्याइतका वेग त्याच्याकडे नाही. रस्ता ओलांडतानाही तो एक पाऊल पुढे टाकून डुलत राहतो. भ्याला की फुगतो, काळवंडतो, तोंड उघडतो, आणि नेमक्या त्या अवतारामुळे माणसाच्या हाती दगड येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिलेले आहे. पण रानवाटेवर कायदा हजर नसतो. तिथे पाहणाऱ्याच्या डोक्यात काय आहे, यावरच त्याचा जीव अवलंबून असतो.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. त्याच्याविषयीचे आपले ज्ञानही बराच काळ प्लिनीच्या कुंपणापर्यंतच धावत होते. ते ओलांडायला कापडाचा एक तुकडा, एक सूक्ष्मदर्शक आणि 'पुन्हा एकदा करून पाहू' म्हणणारी माणसे लागली. पुढच्या वेळी झुडपात एखादा घोयरा दिसला, तर दोन पावले मागे सरून उभे राहा. काळवंडलेला असेल, तर तो तुम्हाला घाबरला आहे. थोड्या वेळाने हिरवा झाला, तर समजा, भीती सरली.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)